खरं तेवढ्यावर खूण

मी आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव काही चांगला नाही. मला एका जागी बसवत नाही आणि दुसरं कोणी निवांत बसलेलं बघवत नाही. कुकरची शिट्टी व्हायला उशीर झाला तर मी कुकरशी भांडते. माझा नवरा सागर अकोल्याच्या भाजीबाजारात अडतीवर असतो. पहाटे चारला जातो, बाराला येतो, जेवतो आणि झोपतो. तो झोपला की दुपारचे तीन तास माझे. त्या वेळात शेजारणी मालिका बघतात, एकमेकींच्या सुनांचा समाचार घेतात. मी जिन्याच्या पायरीवर बसून फोनवर कथा लिहिते.

'पानोपान' नावाचं ॲप आहे. त्यावर कोणीही लिहावं, कोणीही वाचावं. संपादक नाही, साभार परत नाही, पुण्यामुंबईच्या कोणाच्या पाया पडणं नाही. अंगठा दाबला की कथा प्रकाशित. खाली एक आकडा दिसतो, किती जणांनी वाचलं त्याचा. त्या आकड्यानं माझं डोकं खाल्लं. सुरुवातीला मी कविता टाकल्या, त्या सदतीस वेळा वाचल्या गेल्या. त्या सदतीसमध्ये मी स्वतः किती वेळा होते ते विचारू नका. टोपणनाव घेतलं शेवंती, कारण अमरावतीजवळच्या आमच्या गावी बाबांचं शेवंतीचं शेत आहे आणि घाईत मला दुसरं काही सुचलं नाही. खरं नाव लपवलं ते एवढ्याचसाठी, की बाजारात सागरची कोणी टर उडवू नये.

गेल्या मार्चमध्ये माझी धाकटी बहीण आचल सासर सोडून माहेरी आली. सासर तिवशाचं. घरात नवरा कुलदीप, सासू माणिकबाई आणि आचलची चार वर्षांची मुलगी प्रियदर्शनी, आमची पियू. आचल आली ती एका पर्सनिशी. पियूला त्यांनी ठेवून घेतलं. मी अकोल्याहून धावत गावी गेले. आचल स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होती, उजव्या मनगटाला पट्टी होती. मी तिला शंभर प्रश्न विचारले आणि तिनं मला तीन वाक्यं दिली.

"त्यानं मले लाकडानं मारलं, ताई. मेडिकलवाल्या गोपालभाऊनं पट्टी बांधून देल्ली न पैसे नाई घेतले. मी आता तथी जात नाई."

एवढंच. आणखी विचारलं तर म्हणाली, "तू लसूण सोल." ती लहानपणापासून अशीच. शाळेत पाय मोडला तरी दोन दिवस घरी सांगितलं नव्हतं. मला तिचा राग आला. तशा वेळीसुद्धा मला तिचाच राग आला, हे मी लपवत नाही.

अकोल्याला परतताना बसमध्येच मी पहिला भाग लिहायला घेतला आणि मूर्तिजापूर यायच्या आत तो संपवला. नाव दिलं 'काटेकोरांटी'. मनाला सांगितलं, मी बहिणीसाठी लिहून राहिले आहे. तिला बोलता येत नाही, मला येतं, तर तिच्या वाटचं मी बोलते. हे इतक्या वेळा सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं. आचलला मात्र विचारलं नाही.

सावधगिरी बाळगली होती. आचलची मधुरा केली, कुलदीपचा रणजित. सासर तिवशाहून उचललं आणि पार धारणीला नेऊन ठेवलं, मेळघाटात. कुलदीपचं बी-बियाण्याचं दुकान आहे, रणजितला मी जीपगाड्या दिल्या. पियूला काढूनच टाकलं, कारण लेकरू मध्ये आलं की नायिकेला कुठं हलता येत नाही. तीन वाक्यांचे तेरा भाग केले. लाकूड म्हटल्यावर मी चूल पेटवली, चुलीतलं जळतं लाकूड रणजितच्या हातात दिलं आणि सासूला दारात उभी करून हसायला लावलं. ती हसल्याशिवाय प्रसंगाला धार येत नव्हती.

लोकांनी उचलून धरलं. पाचशे, दोन हजार, नऊ हजार. भाजी फोडणीला टाकून मी आकडा बघायचे, पोळी उलटून आकडा बघायचे. फोनचा मोह नको म्हणून पिठाच्या डब्यात ठेवला, तर पीठ हातानं उपसून बाहेर काढला. खाली लोक लिहायचे, "रडवलंत ताई", "माझीच कथा". त्यात एक बाई होती, नाव 'आजी ०७', फोटो गुलाबाचा. भाग टाकला की पहिलं लिहिणं तिचं. "या सासूले उलटं टांगलं पायजे." "मधुराले म्हणा भिऊ नको, आमी हावो." अशी आपल्याकडची भाषा वाचून मला भरून यायचं. त्या आजीवर माझा जीव जडला होता. ती दहा मिनिटांत आली नाही तर मी घरभर फेऱ्या घालायचे.

चौदाव्या भागापासून आकडा उतरला. नऊ हजारांचे चार, चारांचे अडीच. कोणीतरी लिहिलं, "रडगाणं पुरे, काहीतरी घडू द्या." घडवायला माझ्याकडे होतं काय? तीन वाक्यं संपली होती आणि आचल फोनवर "जेवली काय" याच्यापलीकडे जात नव्हती. दोन दिवस मी चिडचिड केली, सागरवर, दूधवाल्यावर, भिंतीवर. तिसऱ्या दिवशी मी गोपालभाऊंना हात घातला.

तिवशाचे हे गोपालभाऊ पन्नाशीचे आहेत, टक्कल आहे आणि दुकानात बसल्या बसल्या घोरतात. मी त्यांना अठ्ठावीस वर्षांचा निशांत केला, सेमाडोहच्या पर्यटन निवासाचा व्यवस्थापक केला, हातात माउथऑर्गन दिला. पट्टी बांधणं तेच ठेवलं आणि पैसे न घेणंही तेच ठेवलं. सोळाव्या भागात मधुरानं निशांतच्या खांद्यावर डोकं टेकवलं. आठवड्यात आकडा एक लाखावर गेला. मी जिन्यात उभी राहून किंचाळले, सागर झोपेतून उठून काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं साप निघाला.

मग मधुराला रणजितशी झालेलं आपलं लग्न आठवतं असा भाग टाकला आणि तिथं मी खरी चूक केली. आचलच्या लग्नात रुखवतात बाबांनी स्वतःच्या हातानं विहीर करून मांडली होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या एकावर एक रचून बांधलेली, आत छोटी मोटर, आणि बटण दाबलं की नळीतून खरं पाणी पडायचं शेवंतीच्या वाफ्यात. वाफाही खरा, बोटभर रोपांचा. वऱ्हाडी मंडळी जेवण सोडून ती विहीर बघायला उठली होती. मी नावं बदलली, गाव बदललं, धंदे बदलले, पण ती विहीर मला सोडवेना. जशीच्या तशी उतरवली. त्या भागाखाली आजी ०७ आली नाही. पहिल्यांदाच. दोन दिवस वाट पाहून मी तिला निरोपही पाठवला, "आजी, तब्येत बरी आहे ना?"

तब्येतीला काही झालं नव्हतं. दिवाळी संपल्यावर आईचा फोन आला तेव्हा कळलं.

"काय लिवलं वं तू मोबाइलवर?" आई म्हणाली. आमची आई, बेबीताई, फोनवर नेहमी ओरडते. त्या दिवशी ती हळू बोलत होती आणि त्याचीच मला भीती वाटली. "माणिकबाईनं सारं वाचलं. विहीर ओळखली तिनं. कुलदीपचा काका सूर्यभान बाबाले फोन करून म्हणे, आता बैठकीत आमी कागद घेऊनच येतो."

बैठक येत्या रविवारी अमरावतीला ठरली होती. आठ महिने बाबा त्यासाठी जोडे झिजवत होते. कोर्टात जायच्या आधी दोन्हीकडच्या चार शहाण्या माणसांनी बसावं, पियूला आईकडे द्यायला लावावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तिवशाची मंडळी निम्मी तयारही झाली होती. आता ती म्हणत होती, जिचं असं वागणं तिच्या हाती नात देणार नाही. निशांत म्हणजे कोण, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. पट्टी कोणी बांधली ते गावाला ठाऊक होतं. दोन माणसं गोपालभाऊंच्या दुकानासमोर उभी राहून वाट्टेल ते बोलून गेली आणि गोपालभाऊंनी तीन दिवस दुकान उघडलं नाही.

मधल्या दिवसांत आकडा सव्वा लाखावर गेला होता. माझं नशीब उघडलं असं मला वाटत होतं. ते तिवसा तालुक्यातले आमचे सोयरे-धायरे होते, एकमेकांना लिंक पाठवून वाचणारे.

"डिलीट मार," सागर म्हणाला.

"सव्वा लाख लोक आहेत, सागर."

"त्यातला एक तरी पोट्टी आणून देते काय?"

मी अंगठा बटणावर नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा घेतला. आता पुसून काय उपयोग, त्यांच्याकडे कागद आहेत, असं मी त्याला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. मला तो आकडा सोडवत नव्हता.

शनिवारी बसनं निघाले. बडनेरा येईपर्यंत खिडकीशी बसून नखं खाल्ली. गावी पोचले तर बाबा शेतात होते. शेवंती तोडायला आली होती आणि ते ओळीओळीनं नुसते फिरत होते, एक फूल तोडलेलं नव्हतं. माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली, पण फक्त भांड्यांबद्दल. आचल दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं काटेकोरांटीतलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. तिचा फोन कुलदीपनं ठेवून घेतला होता आणि बाबांच्या साध्या फोनवर ॲप चालत नाही.

मी तिला तोंडी सगळं सांगितलं. भरभर, चालता चालता, तिच्या मागे मागे. माफी मागितली, रडले, मध्येच स्वतःची बाजूही मांडली. ती घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "त्यात पियू हाये काय?"

"नाई. तिले नाई घेतलं."

"बरं केलं," ती म्हणाली आणि कपडे घेऊन आत गेली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

रविवारी अकराला समाज भवनात बसलो. सतरंजीवर मध्ये पाच माणसं, एका भिंतीला आम्ही, समोरच्या भिंतीला ते. मधल्या पाचांत मुख्य खुशालराव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. दोन्ही घरांतली मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्यांचा शब्द कोणी टाकत नाही. कुलदीप खाली मान घालून बसला होता, नवा शर्ट घालून. माणिकबाईंच्या मांडीवर पियू बिस्कीट खात होती. आचल खोलीत शिरल्यापासून तिच्याकडे बघत होती आणि पियू बिस्किटाकडे बघत होती. आठ महिने म्हणजे चार वर्षांच्या लेकराला किती, याचा हिशोब मी मनात केला आणि सोडून दिला.

सूर्यभान उठले. उंच माणूस, आवाज भरदार. पिशवीतून त्यांनी एक चोपडं काढलं आणि गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं.

"हे पाहा गुरुजी, आमी आमच्या मनानं काई बोलत नाई. हे त्यायच्याच मोठ्या पोरीनं लिवलं हाये. सख्ख्या बहिणीनं. सारं छापील हाये."

काटेकोरांटी. झेरॉक्सच्या दुकानात कागदावर काढून स्पायरल केलेली, वर पारदर्शक कव्हर, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नाव आणि खाली 'शेवंती'. मी खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला. माझं पहिलं पुस्तक. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते असं हातभर अंतरावर पडलं होतं. गुरुजींनी पानं उलटली तर पानापानावर हिरव्या शाईच्या रेघा होत्या, बाजूला बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. इतक्या बारकाईनं मला आजवर कोणी वाचलं नव्हतं.

"वहिनीनं खुणा केल्या हायेत," सूर्यभान म्हणाले. "त्या पयल्यापासून वाचत होत्या. आजी ०७ नावानं."

मी माणिकबाईंकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली. उलटं टांगा म्हणणारी ती हीच. मधुराला धीर देणारी ती हीच.

सूर्यभाननी सोळावा भाग वाचून दाखवला. खांद्यावर डोकं, माउथऑर्गन, चांदणं. पोलिसाच्या पंचनाम्यासारखं एका सुरात वाचलं. मधली माणसं चुळबुळली, एकानं खाकरून बाहेर बघितलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. मला बसवेना. बायांनी बैठकीत मध्येच बोलायची रीत नाही, तरी मी उभी राहिले.

"ते मी मनानं रचलं, गुरुजी. असा कोणताच माणूस नाई. गोपालभाऊनं पट्टी बांधली, बस. बाकी सारं खोटं हाये."

"खोटं हाये?" सूर्यभान हसले. "मंग मारलं तेबी तूच रचलं असंन."

कुलदीपनं पहिल्यांदा मान वर केली. एका पानावरचं खोटं आहे असं मीच ओरडून सांगितलं होतं, मग दुसऱ्या पानावरचं खरं कोणी मानावं? आठ महिन्यांनी तिच्या मनगटावर आता काही दिसतही नव्हतं. मी माझ्या हातानं बहिणीचं एकुलतं एक खरं बुडवलं होतं.

गुरुजींनी खिशातून पेन काढलं. "गीता, इकडं ये. बस. हे पुस्तक तुहं हाये, तूच सांग. खरं तेवढ्यावर खूण कर. बाकीच्यावर फुली मार. आमी थांबतो."

मी त्यांच्यापुढे बसले. पाच माणसं, दोन भिंती, सगळे माझ्या हाताकडे बघत होते. पहिल्या पानावर मधुरा धारणीच्या बाजारातून मोहाची फुलं आणते. फुली. रणजितच्या जीपगाड्या. फुली. निशांत आला की पानंच्या पानं फुल्या. माझी सगळ्यात गाजलेली वाक्यं, ज्यांच्याखाली लोकांनी बदाम टाकले होते, ती मी एका रेघेनं उडवत गेले. पट्टीवर खूण केली. पैसे घेतले नाहीत, खूण. विहिरीवर खूण केली तेव्हा मागून बाबांचा श्वास ऐकू आला.

मग ते पान आलं. चूल, जळतं लाकूड, मधुराची किंकाळी, दारात हसणारी सासू. तिथं हिरवी रेघ दोनदा मारलेली होती, दुसऱ्यांदा इतक्या जोरात की कागद फाटला होता. माझं पेन थांबलं. मी तिथं नव्हते. कोणतं लाकूड, कुठल्या खोलीत, सकाळी की दुपारी, मला काही ठाऊक नव्हतं. त्या तीन पानांतला 'लाकडानं मारलं' एवढाच भाग आचलचा होता, बाकी माझा. तेवढ्यावर खूण करून बाकीच्यावर फुल्या मारल्या असत्या तर तीन पानांत दोन शब्द उरले असते, आणि दोन शब्दांवर पियू मिळत नाही.

"थांबली काहून?" सूर्यभान म्हणाले. "खूण कर, नाई तं फुली मार."

मी आचलकडे बघितलं. ती पियूकडेच बघत होती.

"मी हसली नाई."

आवाज समोरच्या भिंतीकडून आला. माणिकबाई पियूला मांडीवरून उतरवून उभ्या राहिल्या होत्या.

"त्याच्यावर फुली मार," त्या मला म्हणाल्या. "पयले त्याच्यावर मार. मी हसली नाई."

"वहिनी, तुमी बसा," सूर्यभान म्हणाले.

"काहून बसू? साऱ्या दुनियेनं वाचलं का मी दारात उभी राहून हसली. लोकायनं खाली काय काय लिवलं. मीच लिवलं होतं, त्या सासूले उलटं टांगा म्हून. मले काय माहीत ते मी होय म्हून!" त्या थांबल्या नाहीत. तीन आठवडे ते त्यांच्या आत सलत असणार. "आमच्या घरी चूल हाये काय? गॅस हाये. ते लाकूड चुलीतलं नव्हतंच. मी दारात होती, हे खरं हाये. मी त्याचा हात धरला नाई, हेबी खरं हाये. ते लिव. पन हसली नाई मी."

सूर्यभाननी डोळे मिटले. माणिकबाई अजून माझ्याकडे बघत होत्या, मी फुली मारण्याची वाट बघत. मी मारली. 'हसली' या शब्दावर मोठी फुली मारली आणि चोपडं त्यांना दिसेल असं वर धरलं. त्यांनी मान हलवली.

"माणिकबाई," गुरुजी हळूच म्हणाले, "म्हणजे तुमी तथी होत्या."

तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. कुलदीप उठला, चपला पायात न घालता हातात घेऊन बाहेर गेला आणि थोड्या वेळानं मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

पुढचं बोलणं फार चाललं नाही. फारकतीचं वकिलाकडून होईल, गोपालभाऊंच्या दुकानात सूर्यभान स्वतः जाऊन हात जोडतील आणि पोट्टी आजच मायजवळ जाईन, असं गुरुजींनी सांगितलं. माणिकबाईंनी पियूची पिशवी आधीच भरून आणली होती, म्हणजे त्यांनाही आतून काही ठाऊक असावं. त्यांनी पियूच्या पाठीवर हात ठेवून तिला हळूच पुढे लोटलं. पियू अर्ध्या सतरंजीवर थांबली, मागे बघितलं, पुढे बघितलं. आचलनं हाक मारली नाही, हात पसरले नाहीत. ती नुसती खाली बसून राहिली, लेकरू येईपर्यंत. माझ्यानं ते झालं नसतं, मी धावत गेले असते आणि पोरगी बिचकून आजीला बिलगली असती.

निघताना माणिकबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता शिव्या मिळणार.

"मंग मधुराचं काय करतं तू पुढं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "जाते काय ते निशांतसंगं?"

मी म्हणाले, "माहीत नाई, मावशी." आणि माझी लाज मला सांगवत नाही, पण मला बरं वाटलं. इतकं होऊनही त्या बाईला पुढचं जाणून घ्यायचं होतं.

भवनाच्या पायरीवर उभं राहून मी काटेकोरांटी पुसली. सव्वा लाख आकडा एका अंगठ्यात गेला. मला वाटलं, सुटले. आता मी नुसती बहीण.

घरी जायला रिक्षा केली. बाबा पुढे बसले, आई, मी आणि आचल मागे. पियू आचलच्या मांडीवर होती, अजून अंग चोरून, पण एका हातात आचलच्या ओढणीचं टोक धरून. राजकमल चौकात गर्दी होती, रिक्षा अडकली. माझे पाय रिक्षातसुद्धा हलत होते. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चुलीतलं नव्हतं. मग कोणतं?

मी स्वतःला थांबवलं. दोनदा थांबवलं. मग बाजूला झुकून आचलच्या कानाशी म्हणाले, "मंग लाकूड कोणतं होतं वं?"

आचलनं माझ्याकडे बघितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं. रागानं नव्हे, तिला मुळात राग येतच नाही.

"म्हणूनच तुले तेवढंच सांगतलं होतं," ती म्हणाली. "मले माहीत होतं तू लिवशीन. तू लहानपणीबी माहं सारं जाऊन सांगायची, अजून चार गोष्टी जोडून."

"मी आता पुसलं ते सारं. तुही शपथ."

"मंग हे कोण इचारून रायलं, ताई?" तिनं विचारलं. "तू, का ते शेवंती?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मी काय म्हणते यावर ती पुढचं सांगणार होती की नाही हे ठरणार होतं. एवढंच म्हणायचं होतं, मी. एक अक्षर. मी तोंड उघडलं आणि मला ते म्हणता आलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.

रिक्षा सुटली. आचलनं थोडा वेळ वाट पाहिली, मग पियूच्या तोंडावरचे बिस्किटाचे कण पुसले आणि बाहेर बघायला लागली.